खाच, सुई आणि संगणक : ध्वनिमुद्रिकेच्या सदृशीकरणाचा इतिहास व ध्वनिसाधनांची चिकित्सा

सारांश :

ध्वनिमुद्रिकेवरील खाच हा ध्वनीचा भौमितिक आलेख होय. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या आलेखाचे वाचन केवळ सुईच करू शकत होती. १९३८ पासून खाच व सुई यांच्या संबंधाचे गणित मांडले जाऊ लागले आणि पुढे संगणकाच्या साहाय्याने खाचेचे चित्र घेऊन, सुईचा स्पर्श न होऊ देता, ध्वनी परत मिळविणे शक्य झाले. या घडामोडींचा आढावा घेऊन, अशा रीतीने मिळालेला ध्वनी ऐतिहासिक पुरावा म्हणून कोणत्या अटींवर स्वीकारावा, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. त्यासाठी हिंदुस्थानी संगीताच्या जुन्या तबकड्या व श्रुतिमापन यांचे उदाहरण विशेषत्वाने घेतले आहे.

बीजसंज्ञा : ध्वनिमुद्रिका, खाच, सदृशीकरण, प्रतिमा संस्करण, श्रुती, साधनचिकित्सा.

प्रस्तावना :

इतिहासाची साधने म्हटली की शिलालेख, ताम्रपट, नाणी, बखरी व दफ्तरे यांचा उल्लेख प्रथम होतो. ध्वनिमुद्रिका हे तुलनेने अर्वाचीन साधन असल्याने तिच्याकडे संग्राहक व रसिक यांचे लक्ष जेवढे गेले, तेवढे इतिहासकारांचे गेले नाही. वस्तुतः विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील संगीत, रंगभूमी, भाषा व उच्चार यांच्या अभ्यासासाठी हे प्रथम दर्जाचे साधन आहे. मात्र कागदावरील मजकूर डोळ्यांनी वाचता येतो, तशी तबकडी वाचता येत नाही. ती वाचण्यासाठी यंत्र लागते आणि यंत्र बदलले की वाचनही बदलते. शिवाय पोलादी सुईने केलेले प्रत्येक वाचन मूळ साधनाची थोडी झीज करते. दर वेळी उलगडताना किंचित फाटणाऱ्या पोथीसारखी ही स्थिती होती.

संगणकाने या स्थितीत मूलगामी बदल घडविला. खाचेचा आकार मोजून त्यावर सुई कशी चालली असती हे संगणकाकडून काढून घेणे, यास येथे ‘सदृशीकरण’ ही संज्ञा वापरली आहे. याच्या उलट दिशेने, म्हणजे ध्वनीवरून खाचेचा आकार संगणकात घडविणे, हाही सदृशीकरणाचाच प्रकार होय. या दोन्ही दिशांचा इतिहास पाहिल्यास एक गोष्ट स्पष्ट होते. सुई नाहीशी झाली तरी वाचकाचा निर्णय नाहीसा होत नाही. तो यंत्राकडून आज्ञावलीकडे जातो. म्हणून या निर्णयांची नोंद ठेवणे ही अभ्यासकाची पहिली जबाबदारी ठरते, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

१. खाचेचे स्वरूप :

थॉमस एडिसन याने १८७७ साली फोनोग्राफ सिद्ध केला. त्याच्या यंत्रात दंडगोलावर गुंडाळलेल्या कथलाच्या पत्र्यावर ध्वनीच्या कंपनांनुसार कमीअधिक खोल खाच उमटत असे. एमिल बर्लिनर याने १८८७ मध्ये ग्रामोफोनचे एकस्व घेतले. त्याच्या पद्धतीत खाचेची खोली जवळजवळ स्थिर राहून ती डावीउजवीकडे नागमोडी वळत असे. पुढे दंडगोलाऐवजी सपाट तबकडी रूढ झाली आणि साच्यावरून तिच्या असंख्य प्रती काढणे सोपे झाले. या तबकड्यांचा मुख्य बंधक पदार्थ म्हणजे लाख. लाखेच्या उत्पादनात हिंदुस्थान अग्रेसर असल्याने जगभरच्या ग्रामोफोन उद्योगाचा कच्चा माल बऱ्याच अंशी येथूनच जात होता.

खाचेच्या मापांची कल्पना असणे पुढील विवेचनासाठी आवश्यक आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे मुद्रण मावते. एवढ्या वेळात तबकडीचे २३४ फेरे होतात आणि सुई सव्वाशे मीटरांच्या आसपास अंतर कापते. बाहेरच्या कडेशी खाच सुईखालून सेकंदाला जवळपास एक मीटर वेगाने सरकते. आतल्या टोकाशी हा वेग निम्म्याहूनही कमी होतो. १९४८ साली कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची, व्हिनाइलची दीर्घ मुद्रिका बाजारात आणली. तिची खाच लाखेच्या तबकडीवरील खाचेच्या साधारण तृतीयांश रुंदीची होती.

या दीर्घ मुद्रिकेच्या आतल्या भागात, केंद्रापासून ६० मिलिमीटर अंतरावर, खाचेचा वेग सेकंदाला सुमारे २१ सेंटिमीटर असतो. तेथे सेकंदाला १०,००० कंपने असलेला ध्वनी मुद्रित केल्यास त्याची एक लाट अवघी २१ मायक्रोमीटर लांबीची होते. त्या काळच्या शंकूच्या आकाराच्या सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे २५ मायक्रोमीटर होती. म्हणजे लाटेच्या लांबीएवढ्याच मापाचे गोल टोक त्या लाटेवरून चालत होते. खाच कापणाऱ्या पातीला धार असते, वाचणाऱ्या सुईला गोलाई असते. त्यामुळे लिहिलेले तंतोतंत वाचले जात नाही. खाचेच्या सदृशीकरणाचा सारा इतिहास या विसंगतीतून निर्माण झाला आहे.

२. खाचेचे गणित : १९३८ ते १९६५ :

या विसंगतीचे पहिले व्यवस्थित गणित हार्वर्ड विद्यापीठातील जे. ए. पीअर्स व एफ. व्ही. हंट यांनी १९३८ साली प्रसिद्ध केले. नियमित लाटेवरून गोल टोक सरकत गेले असता त्या गोलाचा मध्य कोणता मार्ग आखतो, हा त्यांचा प्रश्न होता. हा मार्ग मूळ लाटेसारखा राहत नाही. तिचे माथे रुंदावतात आणि तळ अरुंद होतात. या वक्राला त्यांनी ‘पॉइड’ असे नाव दिले. ध्वनीच्या भाषेत याचा अर्थ असा की, मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट कंप्रतेचे आगंतुक ध्वनी वाचनात मिसळतात. १९४१ मध्ये डब्ल्यू. डी. लुईस व हंट यांनी हा सिद्धांत अधिक विस्ताराने मांडला. बर्लिनरच्या आडव्या पद्धतीत खाचेच्या दोन्ही भिंती परस्परांच्या दोषाचा काही भाग काटून टाकतात आणि एडिसनच्या उभ्या पद्धतीत तसे होत नाही, हेही या अभ्यासातून स्पष्ट झाले.

१९५७ च्या सुमारास द्विमार्गी म्हणजे स्टिरिओ मुद्रण व्यवहारात आल्यावर या गणिताला नवे महत्त्व प्राप्त झाले. ॲलन ब्लूमलिन याने १९३१ मध्येच या पद्धतीचे एकस्व नोंदविले होते. खाचेच्या दोन भिंती परस्परांशी काटकोनात व पृष्ठभागाशी ४५ अंशांत असतात आणि प्रत्येक भिंतीवर एक स्वतंत्र मार्ग मुद्रित होतो. अशा खाचेत आडव्या व उभ्या दोन्ही हालचाली येत असल्याने पूर्वी टळलेला दोष पुन्हा उपस्थित झाला.

यावर निघालेला उपाय इतिहासाच्या दृष्टीने अत्यंत उद्बोधक आहे. सुई कशी चुकणार हे गणिताने आधीच ठाऊक असेल, तर मुद्रणाच्या वेळीच खाचेत उलट चूक करून ठेवावी, म्हणजे वाचताना दोन्ही चुका परस्परांना काटतील. अमेरिकेतील आर.सी.ए. व्हिक्टर कंपनीने १९६३ साली ‘डायनाग्रूव्ह’ या नावाने अशा मुद्रिका विक्रीस आणल्या. जर्मनीतील टेलडेक कंपनीच्या तंत्रज्ञांनी १९६५ मध्ये आपल्या यंत्रणेस ‘ट्रेसिंग सिम्युलेटर’ असेच नाव दिले. इलिनॉय विद्यापीठातील डुआन कूपर याने याच काळात या दोषांच्या भरपाईचे गणित विकसित केले. आजच्या अर्थाने सॉफ्टवेअर असे त्या यंत्रणांत काही नव्हते. विद्युत् मंडलेच सुईच्या भावी मार्गाचे गणित करीत होती. तथापि खाचेवर सुई चालण्यापूर्वीच तिचे चालणे कृत्रिम रीतीने घडवून पाहण्याची कल्पना येथे पूर्णत्वास आली होती.

डायनाग्रूव्हवर पुढे बरीच टीका झाली. तिच्या एका कारणाचा येथे विचार केला पाहिजे. ही भरपाई ठरावीक त्रिज्येच्या गोल टोकाची सुई गृहीत धरून केलेली होती. १९६० च्या दशकातच लंबवर्तुळाकार टोकाच्या सुया प्रचारात आल्या. त्यांची वाचनातील चूक मुळातच कमी होती. परिणामी भरपाई म्हणून खाचेत घातलेली उलट चूक या नव्या सुयांना जशीच्या तशी ऐकू येऊ लागली. दस्तऐवज लिहिताना त्याचा भावी वाचक गृहीत धरला गेला आणि पुढे वाचक बदलला. अशी मुद्रिका आज अभ्यासावयाची झाल्यास, ती कोणत्या सुईसाठी कापली होती हे माहीत असणे अपरिहार्य ठरते. तिचा आकार कितीही अचूक मोजला तरी हे ज्ञान त्या आकारातून आपोआप मिळत नाही.

३. सुईविना वाचन :

१९८० च्या दशकात खाचेवर प्रकाशकिरण टाकून ध्वनी मिळविण्याचे प्रयोग सुरू झाले. जपानमधील होक्काइडो विद्यापीठाच्या परिसरात झालेले कार्य या संदर्भात उल्लेखनीय आहे. पोलिश मानवशास्त्रज्ञ ब्रोनिस्वाव पिल्सुदस्की याने १९०२-०३ च्या सुमारास ऐनू लोकांची गाणी व कथने मेणाच्या दंडगोलांवर मुद्रित केली होती. ती मेणे जीर्ण झाली होती आणि सुई लावल्यास काही दंडगोल नष्ट होण्याची भीती होती. लेसर किरणाच्या परावर्तनाच्या साहाय्याने त्यांतील ध्वनी मिळविण्याची पद्धत संशोधकांनी विकसित केली. ऐनू भाषेचे नैसर्गिक वक्ते विरळ होत गेलेले असताना या दंडगोलांचे मोल किती होते, हे वेगळे सांगावयास नको.

पुढचा टप्पा खाचेची संपूर्ण प्रतिमा घेण्याचा होता. स्वित्झर्लंडमधील लुगानो येथील राष्ट्रीय ध्वनिसंग्रहालय व फ्रिबुर्ग येथील अभियांत्रिकी विद्यालय यांनी तबकडीचे छायाचित्र मोठ्या फिल्मवर घेऊन त्या फिल्मवरून ध्वनी काढण्याची पद्धत विकसित केली. २००२ मध्ये एका इस्रायली विद्यार्थ्याने कार्यालयात असतो तसा साधा स्कॅनर वापरून दीर्घ मुद्रिकेची प्रतिमा घेतली आणि स्वतः लिहिलेल्या आज्ञावलीने तीमधून ओळखू येण्याइतपत संगीत काढून दाखविले. त्यात खरखर फार होती. परंतु खाच हे चित्र आहे आणि चित्र वाचता येते, हे तत्त्व त्याने सर्वसामान्यांपर्यंत पोहोचविले.

शास्त्रीय काटेकोरपणा या कार्यास आला तो कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेत. कार्ल हेबर व विटाली फादेयेव हे दोघे कणभौतिकीचे संशोधक. मूलकणांचे मार्ग टिपणाऱ्या शोधकांची अतिसूक्ष्म मापने करणे व असंख्य बिंदूंतून खरा मार्ग निवडणे, हा त्यांचा व्यवसाय होता. अमेरिकेतील ग्रंथालयांत ऐतिहासिक ध्वनिमुद्रणे नष्ट होत असल्याची माहिती हेबर यांच्या कानी २००० साली रेडिओवरून आली. आपली मापनपद्धती येथे उपयोगी पडेल, असा विचार त्यातून पुढे आला. २००३ मध्ये त्यांचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला. या यंत्रणेस ‘आयरिन’ हे नाव पडले. प्रारंभीच्या चाचणीत वापरलेल्या ‘गुडनाइट, आयरिन’ या लोकप्रिय गीताच्या तबकडीची ती आठवण होय.

या पद्धतीचे स्वरूप थोडक्यात असे आहे. तबकडी सावकाश फिरवून सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या कॅमेऱ्याने खाचेची क्रमवार चित्रे घेतली जातात. चित्रातील प्रकाशाच्या फरकावरून आज्ञावली खाचेच्या कडा शोधते आणि मायक्रोमीटरच्या अंशापर्यंत त्यांचे स्थान निश्चित करते. दंडगोलांच्या बाबतीत ध्वनी खोलीत साठविलेला असल्याने पृष्ठभागाचे उंचसखलपण मोजणारे वेगळे उपकरण लागते. धूलिकण, ओरखडे, तडे हे खाचेच्या अपेक्षित मार्गापासून दूर असल्याने ते वगळून आजूबाजूच्या बिंदूंवरून रिकामी जागा भरली जाते. शेवटी खाचेचे स्थान क्षणोक्षणी किती वेगाने बदलते हे काढले जाते. कारण चुंबकीय ध्वनिग्राहकही सुईच्या स्थानाऐवजी तिच्या वेगास प्रतिसाद देतो. तुटलेल्या तबकडीचे तुकडे जुळवून ठेवले तरी हे गणित चालते.

या मार्गाने जे परत मिळाले त्याची व्याप्ती मोठी आहे. वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेत जपलेल्या, १८८५ सालच्या एका मेणाच्या तबकडीवरून टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल याचा आवाज २०१३ मध्ये ओळखण्यात आला. तबकडीवर बोललेल्या मजकुराची बेलच्या सहीची लेखी प्रत उपलब्ध असल्याने ही ओळख पटविता आली. १८७८ मध्ये सेंट लुईस येथे कथलाच्या पत्र्यावर केलेले मुद्रण २०१२ मध्ये ऐकता आले. कॅलिफोर्नियातील मूलनिवासी जमातींची भाषा व गाणी विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत मुद्रित केलेले सुमारे २७०० दंडगोल बर्कली येथील विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. त्यांच्या प्रतिमा घेण्याचा प्रकल्प २०१५ पासून हाती घेण्यात आला. ज्या भाषांचे वक्ते उरले नाहीत, त्यांच्या वंशजांना पूर्वजांचे उच्चार या दंडगोलांतूनच मिळणार होते.

४. गतीचा प्रश्न : १८६० चा आवाज :

या यशांच्या मालिकेतील एक प्रसंग साधनचिकित्सेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. एडिसनच्याही वीस वर्षे आधी, १८५७ मध्ये, एदुआर-लेओं स्कॉत द मार्तिनव्हिल या फ्रेंच मुद्रकाने फोनोटोग्राफ नावाच्या यंत्राचे एकस्व घेतले होते. काजळी धरलेल्या कागदावर ध्वनीची रेषा उमटविणे एवढेच ते यंत्र करीत असे. ती परत ऐकण्याचा हेतू स्कॉतच्या मनात नव्हता. ध्वनी डोळ्यांनी वाचता यावा, अशी त्याची इच्छा होती. ही रेषा म्हणजे खाच नव्हे. परंतु संगणकाच्या दृष्टीने खाचेच्या प्रतिमेत व या रेषेत तत्त्वतः भेद नाही. अमेरिकेतील ‘फर्स्ट साउंड्स’ या अभ्यासकगटाने बर्कली प्रयोगशाळेच्या साहाय्याने ९ एप्रिल १८६० रोजीची अशी एक रेषा २००८ मध्ये ऐकण्याजोगी केली. त्यावर एका फ्रेंच लोकगीताचा अंश होता. सुमारे दहा सेकंदांचा तो आवाज स्त्रीचा किंवा बालिकेचा असावा, असे मानले गेले आणि तशीच वार्ता जगभर पसरली.

पुढील वर्षी या निष्कर्षात दुरुस्ती करावी लागली. यंत्र हाताने फिरविलेले असल्याने गती कमीजास्त होई. त्यावर उपाय म्हणून स्कॉतने आवाजाच्या रेषेशेजारी ध्वनिकाट्याचीही रेषा उमटविली होती. काट्याची कंप्रता ठाऊक असल्यास तीवरून मूळ गती निश्चित करता येते. तथापि त्या काळी फ्रान्समध्ये एक पूर्ण कंपन दोन ‘साधी’ कंपने म्हणून मोजण्याची प्रथा होती. ५०० साधी कंपने म्हणजे आजच्या हिशेबाने २५० पूर्ण कंपने. पहिल्या वाचनात हा भेद लक्षात न आल्याने गती दुप्पट धरली गेली होती. गती निम्मी करताच मुलीचा समजला गेलेला आवाज संथपणे गाणाऱ्या पुरुषाचा, बहुधा खुद्द स्कॉतचा, ठरला.

येथे प्रतिमा निर्दोष होती, आज्ञावलीही निर्दोष होती. चूक होती ती एका जुन्या परिमाणाच्या अर्थाविषयी, आणि ती दुरुस्त झाली ती कागदपत्रांच्या अभ्यासातून. मूळ चित्र व त्यावरून काढलेला ध्वनी हे स्वतंत्रपणे जपलेले असल्यामुळेच फेरवाचन शक्य झाले, ही बाबही ध्यानात घेण्याजोगी आहे.

५. हिंदुस्थानी संगीताच्या तबकड्या व श्रुतिमापन :

हाच प्रश्न आपल्या संगीताच्या इतिहासाला अधिक तीव्रतेने लागू पडतो. ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेडरिक विल्यम गैसबर्ग १९०२ च्या अखेरीस कलकत्त्यास आला आणि गौहरजान आदी कलावंतांचे मुद्रण त्याने केले. प्रारंभी या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापून येत. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदा येथे कारखाना निघाला. पुढील तीन दशकांत अब्दुल करीम खाँ, बालगंधर्व यांच्यासह अनेकांचे गायन लाखेवर उतरले. महाराष्ट्रातील ख्यालगायन व संगीत नाटक यांच्या त्या काळातील प्रत्यक्ष स्वररूपाचा हा मुख्य पुरावा होय.

या तबकड्यांना ‘अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या’ म्हणण्याचा प्रघात आहे. तथापि ध्वनिवर्धक शिंग लावून केलेल्या मुद्रणांच्या काळात ७८ ही गती सर्वत्र पाळली जात नव्हती; सत्तरपासून ऐंशीच्या वरपर्यंत ती आढळते. समजा, एखादी तबकडी मुद्रणाच्या वेळी मिनिटाला ७३.६ फेरे घेत होती आणि आपण ती ७८ फेऱ्यांनी वाजविली. तर सारे गायन बरोबर अर्ध्या स्वराने चढेल. काळी दोनमध्ये गाणारा गायक पांढरी तीनमध्ये गात असल्याचे भासेल. तीन मिनिटांची चीज दहा सेकंदांनी लवकर संपेल, तानेचा वेग वाढेल आणि आवाजाचा पोतही पातळ होईल. युरोपीय संगीतात रचनेची लेखी स्वरलिपी व वाद्यांचे ठरलेले स्वरमान यांवरून ही गती तपासता येते. आपल्या संगीतात षड्ज गायकाच्या सोयीने ठरतो. साथीच्या पेटीचा स्वर ऐकू आला तरी त्या काळच्या सर्व पेट्या एकाच मानावर मिळविलेल्या होत्या, असे गृहीत धरता येत नाही. अब्दुल करीम खाँ यांच्या उंच लागणाऱ्या, नाजूक स्वराविषयी अथवा स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांच्या गळ्याविषयी केवळ तबकडीवरून विधान करताना ही सावधगिरी आवश्यक आहे. स्कॉतच्या बाबतीत गतीच्या चुकीने पुरुषाची मुलगी झाली होती, हे येथे विसरता कामा नये.

दुसरा प्रश्न श्रुतींचा. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बावीस श्रुतींची मापने निश्चित करण्याचा प्रयत्न केला आणि १९१० साली त्यावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. त्यांना अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाचे साहाय्य लाभले होते. सनदी अधिकारी ई. क्लेमंट्स यांनीही याच दिशेने काम करून १९१३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या गायकाच्या स्वरांवर हे सिद्धांत तपासले गेले, त्याच्या तबकड्या उपलब्ध आहेत. तेव्हा त्यांवरून श्रुतींचे मापन पुन्हा करून पाहावे, ही इच्छा स्वाभाविक आहे.

गती स्थिर असेल तर तिच्या चुकीने दोन स्वरांतील प्रमाण बदलत नाही. म्हणून वरवर पाहता हे मापन सुरक्षित वाटते. अडचण वेगळीच आहे. तबकडीचे मधले भोक खाचेच्या खऱ्या केंद्रावर असेलच असे नाही. भोक एका मिलिमीटरने सरकलेले असल्यास, केंद्रापासून १०० मिलिमीटर अंतरावर सुईखालील वेग प्रत्येक फेऱ्यात एक टक्का वाढतो व एक टक्का घटतो. सप्तकाचे १२०० समान भाग कल्पिले, ज्यांना ‘सेंट’ म्हणतात, तर हा फरक वर सतरा व खाली सतरा, म्हणजे एकूण सुमारे चौतीस सेंट होतो. अनेक अभ्यासक प्रमाणश्रुती ८१:८० या प्रमाणाची मानतात. तिचे माप साडेएकवीस सेंट आहे. याचा अर्थ असा की, पाऊण सेकंदाच्या एका फेऱ्यात स्वर एका श्रुतीहून अधिक हेलकावू शकतो आणि तबकडीच्या आतल्या भागात हा दोष दुपटीपर्यंत जातो. अशा तबकडीवरून केलेले मापन गायकाच्या श्रुतीचे नसून भोकाच्या चुकीचे ठरण्याचा धोका आहे.

प्रतिमेवरून केलेल्या वाचनाचा खरा लाभ येथे दिसतो. संपूर्ण खाचेचे चित्र हाती असल्यास तिच्या सर्पिलाकार मार्गावरून तिचे मूळ केंद्र गणिताने निश्चित करता येते आणि भोकाचा दोष समूळ काढता येतो. मूळ मुद्रणयंत्रच असमान फिरले असल्यास तो दोष मात्र खाचेतच समाविष्ट झालेला असतो. केंद्र बदलून तो जात नाही. म्हणजे कोणता दोष छापणीचा व कोणता मुद्रणाचा, हे वेगळे करण्याची सोय या पद्धतीने झाली आहे. श्रुतिमापनासारख्या नाजूक अभ्यासात एवढा भेदही फार मोलाचा आहे.

६. सदृशीकरणाच्या मर्यादा :

पहिली मर्यादा उघड आहे. जे खाचेत उतरलेच नाही ते संगणक देऊ शकत नाही. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ यांनी आपल्या गायनाचे मुद्रण होऊ दिले नाही. त्यांचा स्वर शिष्यांच्या गायकीतूनच अनुमानावा लागतो. ज्यांचे मुद्रण झाले त्यांचेही शिंगाच्या काळातील मुद्रण खालचे व वरचे ध्वनी गाळूनच झाले. तंबोऱ्याचा झंकार त्यात क्वचितच सापडतो.

दुसरी मर्यादा संपादनाची आहे. ओरखड्याच्या जागी आज्ञावली जे भरते ते अनुमान असते. खरखर काढताना स्वरातील श्वासाचा अंशही जाऊ शकतो. १९५४ मध्ये ध्वनिसमीकरणाचे सामान्य प्रमाण ठरण्यापूर्वी प्रत्येक कंपनी मंद्र व तार ध्वनींचे प्रमाण आपापल्या रीतीने राखीत असे. त्यामुळे वाचनाच्या वेळी कोणते प्रमाण लावावे हाही निर्णयच असतो.

तिसरी मर्यादा अस्सलपणाची. उलट दिशेचे सदृशीकरणही आता सहज साध्य झाले आहे. २०१२ मध्ये अमेरिकेतील अमांडा घासाई हिने ध्वनीच्या संगणकीय नोंदीवरून खाचेचा आकार गणिताने घडवून त्रिमितीय मुद्रकावर तबकडी तयार केली. तिची ध्वनिगुणवत्ता बेताची असली तरी ती साध्या यंत्रावर वाजत होती. नव्या ध्वनीवर जुन्या तबकडीची खरखर व हेलकावे चढविणाऱ्या आज्ञावल्याही विसाव्या शतकाच्या अखेरीपासून प्रचारात आल्या. यास्तव एखादा ध्वनी जुना वाटतो, हा तो जुना असल्याचा पुरावा मानता येणार नाही. खाचेची प्रतिमा, तबकडीवरील साच्याचा क्रमांक, लेबल व संग्रहाची परंपरा यांची जोड त्यास हवी.

समारोप :

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. स्वीकृत पाठ वर व पाठभेद खाली देण्याची तिची शिस्त मराठी अभ्यासकांच्या परिचयाची आहे. संपादकाचा निर्णय मान्य नसेल तर वाचकाने स्वतः पाठभेद पाहून वेगळा निर्णय घ्यावा, अशी सोय त्या शिस्तीने केली. ध्वनिमुद्रिकांच्या बाबतीत हीच शिस्त आता शक्य झाली आहे. सुईच्या काळात वाचनाचा निर्णय व साधनाची झीज एकत्र होत असत. प्रतिमेमुळे ती दोन वेगळी झाली आहेत. या विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. तबकडीची प्रतिमा ही मूळ प्रत, तीवरून काढलेला असंस्कारित ध्वनी हे पहिले वाचन आणि खरखर काढलेला ध्वनी हे संपादित वाचन मानावे. तिन्ही स्वतंत्रपणे जतन करावीत.

२. गती, सुईची कल्पित त्रिज्या, ध्वनिसमीकरण व केंद्राची दुरुस्ती यांविषयी घेतलेले निर्णय ध्वनीसोबत लेखी द्यावेत.

३. जुन्या तबकड्यांवरून षड्जाची उंची, लय अथवा श्रुती यांविषयी विधान करताना, गती कशी निश्चित केली आणि केंद्राचा दोष काढला आहे काय, हे नमूद केल्याशिवाय ते विधान ग्राह्य मानू नये.

४. महाराष्ट्रातील तबकड्यांचा मोठा भाग खाजगी संग्राहकांच्या निष्ठेमुळे टिकला आहे. संगीतशास्त्र, भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र व इतिहास या विभागांनी एकत्र येऊन अशा संग्रहांच्या प्रतिमा घेण्याचे कार्य महाविद्यालयीन पातळीवरही आरंभिता येईल. लाखेची तबकडी हातून पडली की फुटते. म्हणून प्रतिमा घेण्याच्या कामास शक्य तितक्या लवकर प्रारंभ व्हावा. त्या प्रतिमेचे अधिक चांगले वाचन पुढील पिढ्यांनाही करता येईल.